लिस्टीच्या आदल्या दिवशीचा सत्कार

माझं तोंड फाटकं आहे, हे आधीच सांगून ठेवते. विक्रोळी पार्कसाइटच्या आमच्या चाळीत सकाळी नळावर माझ्या आधी बादली लावायची कुणाची छाती नाही. पण चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत मी जेवढी भांडले तेवढी आधी कधी भांडले नव्हते, आणि तेही एका लिस्टीपायी. लिस्ट कसली, तर हॉकीची.

माझी जयंती हॉकी खेळते. ती आठवीत असताना शाळेतल्या बाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "सुगंधाबाई, पोरगी चपळ आहे, खेळू द्या तिला." मी विचारलं, कपडे काय घालणार? त्या म्हणाल्या, स्कर्ट. मी म्हटलं, मग राहू द्या. जिन्यावर दिवसभर रिकामटेकडे बसलेले असतात, त्यांच्या समोरून माझी पोरगी गुडघे उघडे टाकून जाणार? बाईंनी चहा संपवला, विचार केला आणि त्यांनीच मार्ग काढला. गोली करू म्हणाल्या. गोलीला लांब पँट असते, वरून मांडीपर्यंत पॅडं, शिवाय धावायचंही नाही, गोलमध्ये एका जागी उभं राहायचं. मला ते एकदम पटलं. एका जागी उभी राहणारी मुलगी कुठल्या आईला नको असते? त्या दिवसापासून आमची जयंती गोली झाली आणि मी सुखाने भाकऱ्या थापायला लागले.

पुढे दिल्लीच्या एशियाडात आपल्या पोरींनी हॉकीत सोनं आणलं. ते बघून आमच्या भागातल्या एका कंपनीच्या साहेबांच्या डोक्यात आलं की आपलीही बायकांची टीम असावी. कॅम्प लागला. बावीस मुली, तीन आठवडे, रोज सकाळी कंपनीच्या मैदानावर. शेवटी त्यातल्या सोळा जणींची नावं लिस्टीत येणार, फेब्रुवारीतल्या पहिल्या मॅचला त्याच सोळा जणी जाणार, आणि त्या सोळा जणींना कंपनीत नोकरी मिळणार. सकाळी मैदान, दुपारी ऑफिसात काम. कायमची नोकरी. उरलेल्या सहा जणींनी आपापल्या घरी जायचं.

आमच्या घरात संपानंतर कायमचं असं काही राहिलंच नव्हतं. जयंतीचे बाबा, म्हणजे आमचे हे, दशरथ घाडी, अठरा वर्षं मिलमध्ये लूमवर होते. संप झाला आणि घरी बसले ते बसलेच. मी एकट्या राहणाऱ्या दहा कामगारांचे डबे करते, त्यावर घर चालायचं. पोटाचं एवढं नाही हो, पोट भरतं कसंही. पण पूर्वी हा माणूस जेवताना तीन वेळा तरी हसायचा, मालवणीत कायतरी वाकडं बोलून मलाही हसवायचा. ते बंद झालं होतं. मुलीच्या नावाचं पत्र घरात आलं असतं तर ह्यांची मान वर झाली असती, असं मला वाटायचं. म्हणून ती लिस्ट मला हवी होती. देवाकडे मी दुसरं काही मागत नव्हते.

कॅम्पात गोली तीन होत्या आणि लिस्टीत गोलीच्या जागा दोन. पहिली मुलुंडची मीरा, जिच्याकडे स्वतःची पॅडं होती आणि जी आधीच दोन क्लबांकडून खेळली होती. दुसरी गोवंडीची शकु, एवढी उंच की आमच्या दारातून वाकून आत यायची, आणि सदा हसत असायची. तिसरी आमची. तिघींची गट्टी अशी की डबा एकीचा आणि खाणार तिघी.

ही बातमी चाळीत पसरली आणि जिन्यावर निवड समिती बसली. अध्यक्ष धाकूमामा. धाकूमामांनी आयुष्यात कबड्डी सोडून कुठला खेळ पाहिला नव्हता, पण मत हे पाहिजेच.

"मीरा पक्की," धाकूमामा म्हणायचे. "राहिली एक जागा. आता ती शकु, तिचा हात गोलच्या वरच्या दांडीला लागतो म्हणतात. आपल्या जयंतीचा लागतो का?"

"मामा, हॉकीत बॉल जमिनीवरून येतो," मी वरून ओरडायची. "दांडीला हात लावून काय पंखा पुसायचाय?"

"तू डबे भर गं सुगंधा. तुका काय कळता यातलं?"

आणि मग रात्री मी पडल्या पडल्या तोच विचार करायची, की खरंच दांडीला हात लागला असता तर बरं झालं असतं.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण आमच्या चाळीत कुंडलिक आहे. कुंडलिक मंडळाचा सेक्रेटरी. माणूस वाईट नाही, कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं तर अर्ध्या वाटेत चप्पल घालेल. फक्त त्याला सत्काराचं वेड आहे. कुणी दहावी पास झालं की शाल, कुणी रिटायर झालं की शाल. एकदा चाळीत चोर शिरला आणि खालचा काळू कुत्रा भुंकला, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काळूला हार आणि दूध. त्या काळूलासुद्धा दोन शब्द बोलायला सांगतो की काय असं मला वाटलं होतं.

त्या वर्षी सव्वीस जानेवारी गुरुवारी आली. त्या दिवशी चाळीची सत्यनारायणाची पूजा असते, दोन्ही इमारतींमधल्या अंगणात मंडप पडतो. मंडपवाला शनिवारी सकाळी सगळं उतरवून नेणार होता. आणि हॉकीची लिस्ट लागणार होती शनिवारी संध्याकाळी. कुंडलिकने विचार केला की मंडप आहे, माइक आहे, खुर्च्या आहेत, सत्कारमूर्ती चाळीतच राहते, फक्त लिस्ट तेवढी एक दिवस उशिरा आहे. तर शुक्रवारीच सत्कार उरकून घ्यावा. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात ते हेच. आणि हे सगळं त्याने मला न विचारता केलं, कारण विचारलं असतं तर काय झालं असतं ते त्याला माहीत होतं.

मला कळलं बुधवारी संध्याकाळी. शेजारची पोर छापील कार्ड घेऊन आली. गुलाबी कार्ड, वर गणपती. कु. जयंती दशरथ घाडी हिची कंपनीच्या महिला हॉकी संघात निवड झाल्याबद्दल जाहीर सत्कार. प्रमुख पाहुण्या, विमलाताई. मी दोनदा वाचलं. पीठ भरल्या हातानेच खाली गेले.

"कुंडलिक, हे काय?"

"कार्ड, वहिनी. प्रूफ मी स्वतः तपासलंय. एक चूक दाखवा."

"निवड कधी झाली?"

"होणारच आहे ना. शनिवारी नुसता कागद लागायचा."

"आणि ही विमलाताई कोण, माहीत आहे तुला?"

"टीमच्या कोच. म्हटलं खेळातलंच माणूस बोलवावं, दरवेळी नगरसेवक काय."

"अरे मेल्या, तीच बाई लिस्ट करते."

कुंडलिकने कान खाजवला. मला वाटलं आता ह्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तो हळूच म्हणाला, "मग तर बरंच झालं वहिनी. कार्ड परवाच पोचलंय त्यांच्याकडे. सत्काराला येऊन बसल्यावर नाही कसं म्हणतील?"

माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती मी इथे सांगत नाही. एवढंच सांगते की धाकूमामा जिन्यावरून उठून घरात गेले आणि दार लावून बसले.

जयंती कॅम्पातून आली, कार्ड वाचलं आणि कॉटवर बसली. माझ्यासारखी ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"आई, विमला मॅडमना वाटेल आपण त्यांच्यावर दडपण आणतोय," ती म्हणाली. "मीराला काय वाटेल? शकुला? आणि समजा मला घेतलंच, तर सगळ्या म्हणतील की सत्कार करून घुसली."

"मी कार्यक्रम बंद करते."

"कार्ड गेलंय ना पण."

ती जेवली नाही. ह्यांनी ताटावरून एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पाणी प्यायले. हात दाखवून अवलक्षण दुसऱ्याने करावं आणि भोगावं माझ्या पोरीने, हा कुठला न्याय?

गुरुवारी पूजेचा शिरा करायचा सोडून मी सकाळी कंपनीच्या मैदानावर गेले. सहा वर्षांत पहिल्यांदा मी जयंतीला खेळताना बघत होते, हे खरं तर मला सांगायला लाज वाटते. डब्यांच्या वेळा, दुसरं काय. पॅडांमध्ये ती मला ओळखूच आली नाही. वेताच्या कांड्यांची ती जाडजूड पॅडं बांधून ती गोलमध्ये उभी होती, आणि उभी कसली, समोरून कुणी बॉल घेऊन आली की ही गोल सोडून पुढे पळायची. पॅडांमुळे पळता यायचं नाही, फेंगडी फेंगडी जायची. कधी बॉल काढून घ्यायची, कधी मागे गोल मोकळा राहायचा आणि गोल व्हायचा.

"जयंती, मागे," मॅडम ओरडत होत्या. "मागे राहा. किती वेळा सांगायचं?"

"अगं मागे राहा ना," मीसुद्धा कुंपणाबाहेरून ओरडले. "मॅडम सांगतायत ते ऐकू येत नाही का?"

मॅडमनी वळून माझ्याकडे पाहिलं. पन्नाशीच्या बाई, केस बारीक कापलेले, गळ्यात शिट्टी, उन्हाने चेहरा रापलेला. मी कुंपणाशी त्यांना गाठलं आणि एका दमात सगळं सांगितलं. आमचा सेक्रेटरी अर्धवट आहे, आमचा काही संबंध नाही, जयंतीला माहीतही नव्हतं, तुम्ही कृपा करून मनावर घेऊ नका, उद्याचा कार्यक्रम रद्द.

"रद्द का?" मॅडम म्हणाल्या. "मी येणार म्हणून निरोप पाठवलाय."

"पण निवड झाल्याबद्दल सत्कार आहे हो. निवड कुठे झालीय?"

"निवड शनिवारी."

"मग?"

"सुगंधाबाई, मी अकरा वर्षं खेळले आणि पंधरा वर्षं शिकवतेय. मला आजवर कुणी प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलेलं नाही. माझं नाव छापलेलं कार्ड मी आईला दाखवलं. मी येणार."

एवढं बोलून त्यांनी शिट्टी वाजवली आणि गेल्या. चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ. मी घरी येऊन शिरा केला, पण त्यात साखर घालायची विसरले, आणि सगळ्या चाळीने गूळ लावून खाल्ला.

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचलाच अंगण भरलं. जयंतीला मी माझी मोरपंखी साडी नेसवली. नेसवताना ती म्हणाली, "आई, मी माइकवर काहीतरी बोलणार आहे, रागावू नकोस." मी म्हटलं, तुझा बाप दोन वर्षं बोलत नाही, तू तरी बोल. मॅडम रिक्षाने आल्या, मैदानावरून सरळ, आणि बरोबर मीरा आणि शकु, खांद्यावर स्टिका आणि पॅडांची पोती घेऊन. त्या दोघींना पाहून माझा जीव अर्धा झाला. ज्यांची जागा घेतल्याचा हा सत्कार, त्याच पहिल्या रांगेत बसल्या होत्या, आणि शकु तर आमच्या शेजारणीच्या बाळाला मांडीवर घेऊन खेळवत होती.

कुंडलिकने भाषण सुरू केलं. चाळीच्या इतिहासापासून. काळूच्या सत्काराचाही उल्लेख झाला. मग त्याने शाल उलगडली, नारळ हातात घेतला आणि म्हणाला की आता प्रमुख पाहुण्यांनी आपल्या शुभहस्ते. मॅडम उठल्या. तेवढ्यात जयंतीने माइक ओढून घेतला.

"माझी निवड झालेली नाही," ती म्हणाली. "लिस्ट उद्या आहे. आम्ही तीन गोली आहोत आणि दोघींना घेणार. त्या दोघी इथेच बसल्यात आणि दोघी माझ्यापेक्षा बऱ्या आहेत. ही शाल मला घेता येणार नाही. चाळीने प्रेमाने केलं, पण चुकलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला माझ्या पोरीचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी वाटलं, संपलं सगळं, स्वतःच्याच तोंडाने सांगितलंस ना गं की त्या दोघी बऱ्या आहेत. मॅडमनी ऐकलं ना ते. कुंडलिक शाल हातात धरून उभा होता, त्याचा चेहरा बघवत नव्हता. शेवटी मॅडमनीच ती शाल त्याच्या हातून घेतली, घडी घातली आणि खुर्चीवर ठेवली. "बरोबर बोलली," एवढंच म्हणाल्या.

आता पुढे काय करायचं ते कुणालाच कळेना. दीडशे माणूस जमलेलं, चहा अजून उकळायचा होता. तेव्हा धाकूमामा उभे राहिले. आयुष्यात एवढी एकच शहाणपणाची गोष्ट त्यांनी केली असेल.

"एवढे जमलोय तर खेळ तरी दाखवा," ते म्हणाले. "महिनाभर नुसती चर्चा करतोय, हॉकी कशी असते ती बघू दे आम्हाला."

पोरांनी पाच मिनिटांत खुर्च्या बाजूला केल्या. नळाच्या बाजूला एक गोल, जिन्याच्या बाजूला दुसरा, मध्ये अंगण. बॉल पोरांचाच रबरी. मीराने पॅडं बांधली आणि नळाशी उभी राहिली, शकुने पॅडं बांधली आणि जिन्याशी. तिसरी पॅडं नव्हती आणि तिसरा गोलही नव्हता. जयंतीने साडीचा काष्टा मारला, स्टिक घेतली आणि शकुच्या पुढे जाऊन उभी राहिली. समोर चाळीतली पोरं, कुणाच्या हातात जादा स्टिक, कुणाच्या हातात बॅट, एकाच्या हातात तर आमची कपडे वाळत घालायची काठी. पोरांना वाटत होतं, साडी नेसलेली मुलगी, तिला काय चुकवायचंय.

पहिला आला, त्याचा बॉल गेला. दुसरा आला, त्याचा गेला. तिसरा जोरात आला तर ही त्याच्या समोरून सरकली, त्याला वाटलं वाट मोकळी झाली, आणि पुढच्या पावलाला बॉल हिच्या स्टिकेवर. मारामारी नाही, ढकलाढकली नाही. पायांत काय चाललं होतं कुणास ठाऊक, मोरपंखी साडी इकडून तिकडे नुसती लहरत होती. मी सवयीने ओरडले, "अगं जयंती, मागे राहा," पण त्या गोंधळात माझं मलाच ऐकू आलं नाही. दहा मिनिटांत शकुकडे एक बॉल पोचला नाही. शकु गोलमध्ये उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि वर सांगत होती, "जयू, एखादा तरी सोड ना यार, मला झोप येतेय."

आणि मग काय झालं, आमचे हे उठले. कुणी सांगितलं नाही, बोलावलं नाही. एका पोराच्या हातातली स्टिक घेतली, धोतराचा सोगा खोचावा तसा लेंगा गुडघ्यापर्यंत वर केला आणि बॉल ढकलत पोरीवर चाल करून गेले. तिने बापाला पहिल्यांदा जाऊ दिलं असं दाखवलं आणि मागून बॉल काढून घेतला. हे पुन्हा गेले. पुन्हा काढून घेतला. तिसऱ्यांदा ह्यांचा तोल गेला आणि धपकन खाली बसले, भर अंगणात.

"अगो बाय, बापाशीक तरी सोड," खाली बसल्या बसल्या ओरडले आणि हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दोन वर्षांनी तो आवाज ऐकला मी. अख्खी चाळ हसत होती आणि मी पदर तोंडावर घेऊन रडत होते. कुंडलिक धावत आला, म्हणाला, "वहिनी, मी चुकलो, रडू नका." मी म्हटलं, गप बस रे, चांगलं वाटतंय मला.

तेवढ्यात माझं लक्ष मॅडमकडे गेलं. त्या प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीत नव्हत्या. चपला काढून अंगणाच्या कडेने चालत होत्या, जयंती जाईल तिकडे तिकडे, तोंडातून एक शब्द नाही. मग घड्याळात पाहिलं, मीरा-शकुला हाक मारली आणि चहा न घेता निघाल्या. मला नमस्कारसुद्धा उभ्या उभ्या केला. माझ्या मनाने लगेच अर्थ लावला की बाईला राग आला, अंगणात तमाशा करून ठेवला, आता कसली लिस्ट.

शनिवारी पाच वाजता कंपनीच्या गेटवर मी, हे, जयंती आणि कुंडलिक. कुंडलिकला कुणी बोलावलं नव्हतं. गेटजवळच्या बोर्डावर टाइप केलेला कागद लावला होता आणि पुढे मुलींची ही गर्दी. मी कोपराने वाट काढली. वरच लिहिलं होतं, गोलकीपर. एक, मीरा. दोन, शकुंतला. संपलं.

मी पुढे वाचलंच नाही. वाचायचं कशाला? गोलीच्या जागा दोनच होत्या. माझा धीर सुटला, आणि माझा धीर सुटला की तोंडही सुटतं. कुंडलिकला म्हटलं, "बघ, झालं ना समाधान? तुझ्या गुलाबी कार्डाने घास काढला तिच्या तोंडचा." गेटवरचा वॉचमन म्हणाला, बाई, हळू बोला. मी त्याला म्हटलं, तू मध्ये पडू नकोस, तुझ्या मॅडमला बोलव बाहेर, सत्काराला यायला वेळ होता, आता बोलायला वेळ आहे का विचार. हे माझा दंड धरून ओढत होते. जयंती माझ्या मागे उभी होती, रडत नव्हती, नुसती चपलेने माती उकरत होती. त्या उकरणाऱ्या पायाकडे बघून मी वॉचमनचा नाद सोडला.

"जयू, इकडे ये. मावशी, तुम्हीपण या," शकुने दोघींना मनगटाला धरून बोर्डापर्यंत नेलं आणि बोट ठेवलं. गोलकीपरच्या खाली फुलबॅक असं लिहिलं होतं, आणि त्याखाली तिसरं नाव, जयंती द. घाडी.

"हे काय असतं?" मी विचारलं.

"गोलीच्या पुढे उभी राहते ना ती," मीरा म्हणाली. "काल होती तशी."

जयंती तो कागद वाचतच राहिली. हे तिच्या खांद्यावरून वाकून वाचायला लागले, आपलं आडनाव बोटाने चाचपून पाहिलं. तेवढ्यात मॅडम बाहेर आल्या.

"तुम्ही बोलावलंत म्हणे," मॅडम म्हणाल्या.

"मी काय, सहज."

"कॅम्पच्या पहिल्या दिवशी मी सगळ्या मुलींना विचारलं होतं, दुसऱ्या कुठल्या जागी खेळता का," मॅडम म्हणाल्या. "तुमची मुलगी म्हणाली, आई गोलीशिवाय खेळू देत नाही. मी तो विषय सोडून दिला. तीन आठवडे तिला गोलमध्ये उभी करून मागे राहा, मागे राहा म्हणून ओरडत राहिले. गोली म्हणून ती तिसऱ्या नंबरचीच आहे, सुगंधाबाई. काल तुमच्या अंगणात पॅडं न बांधता खेळली नसती, तर आज ती घरी गेली असती."

तीन आठवडे मॅडम म्हणत होत्या, पण मी सहा वर्षं म्हणत होते. चांगली पुढे धावणारी पोर मी वेताच्या पॅडांत बांधून एका कोपऱ्यात उभी केली होती, आणि वर देवाला नवस बोलत होते. जिन्यावरच्या चार रिकामटेकड्यांसाठी. कुंडलिकवर मी दोन दिवस तोंडसुख घेतलं, आणि पोरीचं नाव आज लागलं ते त्याच्या गाढवपणामुळे. घास काढायला निघाली होती ती मी.

"पत्र सोमवारी मिळेल," मॅडम म्हणाल्या. "फक्त एक गोष्ट आहे. फुलबॅकला पॅडं नसतात. स्कर्ट घालावा लागेल, सगळ्या मुलींसारखा. जयंतीला विचारलं तर ती पुन्हा म्हणेल, आईला विचारा, म्हणून तुम्हालाच विचारते."

जयंतीने माझ्याकडे पाहिलं. ह्यांनी पाहिलं. मीरा, शकु, कुंडलिक, तो वॉचमनसुद्धा पाहत होता. आता ही बाई भांडणार असंच सगळ्यांना वाटत होतं.

"पाय तिचे आहेत, मॅडम," मी म्हटलं. "तिलाच विचारा."

जयंती म्हणाली, "घालीन." माझं बोलणं पुरतं संपायच्या आधीच म्हणाली.